मथळा नसलेला रकाना

मी दोन वर्षं ज्या रजिस्टरवर काम केलं, त्यात कोणीही मरत नव्हतं. आजारी मुलांच्या इमर्जन्सी वॉर्डाचं रजिस्टर, तीन जाड वह्या, आणि एकही मृत्यू नाही. याची भीती मला पहिल्याच दिवशी वाटायला हवी होती. वाटली नाही, कारण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. त्यांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळं आम्ही गोंदियाकडून रायपूरला आलो होतो. ते गेल्यावर आई आणि मी चौबे कॉलोनीतल्या दोन खोल्यांत राहिलो. आई घरात गावाकडचं मराठी बोलायची आणि मी हिंदीतून उत्तरं द्यायची. कळायचं सगळं, बोलायची लाज वाटायची. शाळेत मुली चिडवायच्या, म्हणून मी मराठीला उंबऱ्याच्या आतच बसवून ठेवलं होतं. पुढं कॉम्प्युटरवर आकडे मांडायला शिकले आणि त्या जोरावर नव्या राजधानीतल्या एका मुलांच्या इस्पितळात कामाला लागले.

राज्य होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नवा रायपूर नवाच राहिला होता. सकाळच्या बसमध्ये मंत्रालयातले दोन-तीन बाबू असायचे. ते उतरले की मागं मी एकटी. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि पलीकडं माणूसही नसायचा. भर दुपारी रस्त्यावरचे दिवे जळत असायचे. आमच्या इमारतीचे खालचे दोन मजले चालू होते, वरचे रिकामे. माझी खोली त्या रिकाम्यांपैकी एका मजल्यावर होती. तिथल्या व्हरांड्यातले दिवे माणूस चालायला लागला की आपोआप लागायचे आणि तो पुढं गेला की मागं विझायचे. कधी कधी मी खोलीत बसलेली असताना बाहेरचे दिवे एकामागून एक लागत यायचे, माझ्या दारापर्यंत. उठून बघावं तर कोणी नाही. इलेक्ट्रिशियन भैया म्हणाला, पाल असेल. एवढ्या दिव्यांना एक पाल पुरते हे मला कधी पटलं नाही, पण दुसरं काय असेल हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मॅडम मुलांच्या इमर्जन्सीच्या प्रमुख होत्या. दक्षिणेतून आलेल्या, हिंदी कामापुरतं, मराठी शून्य. राग नाकाच्या शेंड्यावर, पण वॉर्डात एखादं लेकरू रडलं की आवाज एकदम लोण्यासारखा. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते यादीचं. मुलांच्या इमर्जन्सीवर आपल्या देशात जे काही पेपर छापून आले, ते जमतील तेवढे शोधायचे आणि मांडायचे: कोणतं वर्ष, कोणतं शहर, विषय काय, मुलं किती, आणि शेवटी मुलांचं काय झालं.

महिनोन् महिने मी तेच केलं. जुन्या पेपरांत एक डॉक्टर असायचा आणि एक मूल. मुलानं रॉकेल प्यायलं, नाकात चिंचोका घातला, विंचू चावला. आई काय म्हणाली तेही लिहिलेलं असायचं. मग वर्षं पुढं सरकत गेली तशी डॉक्टरांची नावं वाढत गेली आणि मुलं शेकड्यांनी यायला लागली. एकेक मूल मात्र दिसेनासं झालं. आई काही बोलेनाशी झाली. शेवटी शेवटी तर मुलांचं वयसुद्धा सरासरीचं, दशांशातलं. शहरं तीच ती चार-पाच मोठी. मॅडमनी भिंतीवर देशाचा नकाशा लावून टाचण्या टोचायला सांगितल्या होत्या. त्या चार-पाच ठिकाणी टाचण्यांवर टाचण्या, आणि आमच्या भागात कोरा कागद.

"यहां के बच्चे बीमार ही नहीं पड़ते, लगता है," मॅडम नकाशाकडं बघून चिडून म्हणायच्या.

तो कोरा कागद भरायचं त्यांनी मनावर घेतलं. इस्पितळ पूर्वी शहरात, गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. तिथून हलताना जुनी सरकारी छापाची रजिस्टरं खोक्यांत भिजली, उरलेली वाळवीनं खाल्ली. वाचलं ते एवढंच: जुन्या मोठ्या सिस्टरनं स्वतःसाठी लिहिलेलं कच्चं रजिस्टर. गोल बाजारातून आणलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या तीन वह्या. सिस्टर निवृत्त होऊन भंडाऱ्याकडं आपल्या गावी परत गेली होती. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा मराठी. तारीख, येण्याची वेळ, गाव, वय, काय होतंय, काय दिलं, जाण्याची वेळ, घरच्यांचा फोन. आणि शेवटी एक रकाना, ज्याला मथळाच नव्हता. त्या रकान्यात दोनच शब्द आलटून पालटून यायचे. 'येतो', नाहीतर 'गेला'. मुलगी असेल तर 'गेली'.

"तुम मराठी हो ना? इसका क्या मतलब?" मॅडमनी विचारलं.

"गेला मतलब गया, मॅडम. घर गया. येतो मतलब आएगा. फिर से दिखाने आएगा."

मला विचार करायला एक सेकंदही लागला नाही. उलट मी सिस्टरच्या व्याकरणाला हसले. मुलींच्या पुढंसुद्धा तिनं 'येतो'च लिहिलं होतं, 'येते' नाही. 'गेली' बरोबर लिहिणारी बाई इथं कशी चुकते, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो तिच्या शिक्षणावर ढकलून मोकळी झाले. मृत्यू कुठं आहेत हे मॅडमनी विचारलं. ऑफिसातले जुने बाबू म्हणाले, मृत्यूची फाइल वेगळी असायची, तीही वाळवीनं खाल्ली. म्हणजे या वह्यांत फक्त जिवंत बाहेर पडलेली मुलं, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवून टाकलं.

मी सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. 'गेला'ला एक आकडा, 'येतो'ला दुसरा. तापात झटके आलेली मुलं वेगळी काढली, आणि मग ते दिसलं. 'येतो'वाली मुलं वॉर्डात रात्रभर, कधी दोन दिवस राहिलेली. पुढच्या पानांवर त्यांच्यातली काही पुन्हा भेटायची. 'गेला'वाली मुलं मात्र तीन तासांच्या आत बाहेर पडलेली, आणि तिन्ही वह्या उलटून टाकल्या तरी त्यांच्यातलं एकही पुन्हा कुठं दिसत नव्हतं.

"जी मुलं तीन तासांत गेली, ती परत कधीच आली नाहीत," असं मी मॅडमना हिंदीतून सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. याचा अर्थ त्यांना असा दिसत होता की तापाचे झटके थांबले की अशी मुलं तीन तासांत घरी पाठवता येतात, ती बरीच राहतात. आमच्याकडं खाटा कमी, लांबून येणारी माणसं जास्त. हे खरं असेल तर कितीतरी खाटा मोकळ्या होणार होत्या. मला मात्र ते वाक्य तोंडातून निघाल्यावर उगीच मान वळवून मागं बघावंसं वाटलं. बाहेरचे दिवे लागलेले होते.

मॅडम घाईच्या होत्या, पण आंधळ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, घरच्यांना फोन लावून विचार. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा. बहुतेक नंबर बंद झाले होते. 'येतो'वाल्यांचे लागले, ते मजेत बोलले. एका बापानं तर मुलाला शेतातून हाक मारून फोनवर आणलं. 'गेला'वाल्यांचे अगदी थोडे लागले. "अस्पताल से बोल रही हूं, बच्चा कैसा है?" एवढं विचारलं की दोघांनी काही न बोलता फोन ठेवला. मी 'उत्तर नाही' असं लिहिलं.

बोलली ती एकच बाई. महानदीच्या पलीकडच्या एका गावची, आवाज हळू, मागं कुठंतरी हातपंपाचा कुईं कुईं आवाज.

"ठीक हे, बेटी," ती म्हणाली. "सुते हे."

झोपलाय. सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्यांदा मी मुद्दाम भर दुपारी फोन केला.

"सुते हे, बारी में."

बारी म्हणजे घरामागचा भाजीचा मळा. मला चित्रच दिसलं: दोडक्याच्या वेलाखाली खाट, त्यावर आता आठ वर्षांचा झालेला आडदांड पोरगा. तिसऱ्यांदा दिवेलागणीला केला. तेव्हाही झोपलेलाच. मी हसून म्हटलं, कुंभकर्ण आहे का तुमचा? ती पण जराशी हसली. शाळेत जातो का, हे माझ्या फॉर्मवर होतं, म्हणून तेही विचारलं.

"नहीं बेटी. कहूं नइ जाय," ती म्हणाली. कुठंच जात नाही.

मी लिहिलं: प्रकृती चांगली, शाळेत जात नाही. आणि त्यापुढं बरोबरची खूण केली.

पेपर एका जर्नलनं स्वीकारला. नकाशावरच्या कोऱ्या जागेत मॅडमनी स्वतःच्या हातानं लाल टाचणी टोचली आणि मला पेढा दिला. त्यांची बढती या पेपरावर अडली होती, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. पेपर इंटरनेटवर आला त्याच आठवड्यात खालच्या वॉर्डात पाटी लागली: झटके थांबलेल्या मुलाला तीन तास बघायचं, ठीक दिसलं तर घरी.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. मी सकाळी चपला घालत होते. आई दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"आई, जाती हूं."

"जातो नाही म्हनत व. किती खेप सांगू तुले? येतो म्हन."

मला चेष्टा सुचली. "तुम भी हमारी सिस्टर जैसी हो. उसने भी रजिस्टर में बच्चों के आगे येतो लिखा है. लड़कियों के आगे भी येतो. ग्रामर तो देखो!"

"मंग काय लिहिन? आपल्याकडं पोट्टीबी येतोच म्हनते. मी नाही म्हनत का?" आई हसली. मग तांदूळ चाळवत सहज म्हणाली, "सगळ्यायच्या पुढं येतोच हाय का?"

"नहीं. कुछ के आगे गेला."

आईचा हात सुपात थांबला. "गेला?"

"हां. गेला, गेली. मतलब घर गया."

"घरी जानाऱ्या लेकराले कोनी गेला लिहिते का व?" आई माझ्याकडं बघतच राहिली. "तुहा बाप गेला. तो कोनत्या घरी गेला?"

बसमध्ये बाबू उतरले आणि मी एकटी उरले. उन्हात जळणारे दिवे एकेक करून मागं पडत होते. 'तुहा बाप गेला' हे वाक्य मी नववीपासून आईच्या तोंडून हजार वेळा ऐकलं असेल. घरात रोज कानावर पडणारा शब्द मला वहीत वाचता आला नव्हता. आता त्या वह्या न उघडता दिसत होत्या. निघताना लेकरू 'येतो' म्हणतं, ते स्वतःच बोलत असतं. नसेल बोलता येत तर सिस्टर त्याच्या वतीनं म्हणत असणार, आपल्याकडच्या पद्धतीनं, मुलगा असो की मुलगी. आणि जी आता कधीच बोलणार नव्हती, त्यांच्याबद्दल तिनं स्वतः 'गेला' लिहिलं होतं. ती तीन तासांत घरी गेली नव्हती. ती तीन तासांत संपली होती. परत येतील कुठून?

मग मला बारी आठवली. या भागात लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. कोणी नदीकाठी, कोणी घरामागं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. सुते हे. मी हात दाखवून बस थांबवली आणि त्या रुंद रस्त्याच्या कडेला बसून राहिले. ड्रायव्हर भैया हॉर्न वाजवत नव्हता, नुसता थांबला होता.

इस्पितळात पोचले तेव्हा मॅडम वॉर्डातच होत्या. मी कसं सांगितलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी मधेच मराठीत बोलायला लागले होते आणि मॅडम म्हणत होत्या, "हिंदी में, हिंदी में बोलो." समजल्यावर त्या रागावल्या नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि वळून चालत, मग पळत, वॉर्डाच्या दाराकडं गेल्या. तिथं एक आई दीड वर्षाच्या मुलीला टॉवेलात गुंडाळून उभी होती. झटके थांबले होते, तीन तास झाले होते, घरी जायचा कागद हातात होता. मॅडमनी तो कागद काढून घेतला आणि मुलीला परत खाटेवर निजवलं. दोनच्या सुमारास तिला पुन्हा झटके आले, आधीपेक्षा वाईट. ती तेव्हा वॉर्डात होती, ऑक्सिजन हाताशी होता, म्हणून निभावलं. तिची बस दोनला कुठं पोचली असती, याचा हिशेब मी अजून करत नाही. पाटी मॅडमनी त्या दिवशी नखांनी खरवडून काढली.

दुपारी आम्ही भंडाऱ्याकडं सिस्टरला फोन लावला. म्हातारी कानानं कमी झाली होती. मी आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी ठरवून मराठीत बोलत होते आणि अडखळत होते.

"हो, गेली नं ते लेकरं," ती म्हणाली. "मंग काय लिहू? लेकराच्या नावापुढं मेला लिहू? माह्या हातानं ते नाही होत, बाई." मग तिनं विचारलं, "काहून? कोनाले समजलं नाही का?"

मी ते मॅडमना हिंदीतून सांगितलं.

मॅडमनी पेपर मागं घेतला. पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, चूक आमची असं लिहिलं, आणि त्यात माझं नाव कुठं येऊ दिलं नाही. बढती राहिली. वरून कोणीतरी त्यांना समजावलं म्हणे, गप्प बसा, आमच्या कोपऱ्यातला पेपर कोण वाचतोय. त्या म्हणाल्या, वाचतायत हीच तर अडचण आहे. त्यांचं खरं निघालं. पुढं मी पुन्हा यादीचं काम केलं तेव्हा दोन नवे पेपर सापडले, लांबच्या शहरांतले. दोघांनीही आमच्या मागं घेतलेल्या पेपराचा आधार दिला होता: मध्य भारतातली अशी मुलं तीन तासांत घरी गेली आणि बरी राहिली. मी त्यांना पत्रं पाठवली. एकानं उत्तर दिलं, एकानं नाही. म्हणजे कुठंतरी छापील कागदावर ती मुलं अजून आपापल्या घरी पोचतायत, आणि त्यांना तिथं मीच पाठवलं आहे. नकाशावरची लाल टाचणी काढली तरी तिचं भोक राहिलं.

त्यानंतर मी मराठी नीट शिकले, आईकडून आणि पुस्तकांतून, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. हौस म्हणून नाही, भीतीनं.

सगळ्या ओळी दुरुस्त केल्या. एकच ओळ राहिली होती, माझी बरोबरची खूण असलेली. ती मी खोलीत बसल्या बसल्या पुसू शकले असते. पण ते जमेना. मी सकाळी अकराला त्या बाईला फोन लावला. हातपंप वाजत होता. मी म्हटलं, माझी चूक झाली, मला कळलं नव्हतं, मला माफ करा.

"जानत हंव, बेटी," ती म्हणाली. ठाऊक आहे. तिला पहिल्याच फोनला कळलं होतं की मला कळलेलं नाही. "तैं पूछथस त बने लागथे. अउ कोनो नइ पूछय."

तू विचारतेस तर बरं वाटतं. दुसरं कोणी विचारत नाही.

फोन ठेवायच्या वेळी मी एरवी 'रखती हूं' म्हणायचे. त्या दिवशी तोंडातून आईचा शब्द निघाला. "येतो," मी म्हटलं.

"का?" तिनं विचारलं. काय म्हणालीस?

"आऊंगी."

"हव, आबे," ती म्हणाली. हो, ये. मग पाहुण्याला आधीच सांगून ठेवावं तसं ती म्हणाली, "ओ तो सुते रइही. फेर आबे."

तो झोपलेलाच असेल, तरी ये. फोन ठेवून मी ती खूण पुसली आणि मथळा नसलेल्या रकान्यात सिस्टरचा शब्द, 'गेला', मराठीतच लिहिला. बाहेर दिवे लागत लागत माझ्या दारापर्यंत आले. या वेळी मी उठून बघितलं नाही. त्या गावाला मी अजून गेलेले नाही, पण येतो म्हटलेलं आहे.